एका दिवसात उंदेरी, खांदेरी, कुलाबा, तेही शिडाच्या बोटीनं: बडोदेकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

बडोद्याची मंडळी अलिबागला जातात तेव्हा काय होतं हे ठरलेलं आहे. ओहोटी असली तर कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन येतात, भरती असली तर किनाऱ्यावरूनच हात जोडतात, मग मासे खाऊन परत. अलिबागजवळच्या थळ गावासमोरचे खांदेरी आणि उंदेरी मात्र राहूनच जातात. हे तिन्ही जलदुर्ग शिडाच्या बोटीनं एका दिवसात होतात. दिवस धावपळीचा होतो, पण होतो. अट एकच आहे: दिवस सुट्टी बघून ठरवायचा नाही, तिथी बघून ठरवायचा. दिवस चुकीचा निवडला तर उत्तम बोट आणि अनुभवी कप्तान असूनही निम्मा वेळ इंजिनाचा आवाज ऐकण्यात जातो.

आधी तिथी, मग रजा

मुंबई-अलिबागच्या समुद्रात उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, भरती आणि ओहोटीच्या पातळीत सरासरी साडेतीन मीटरहून अधिक फरक पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा हाच फरक दीड मीटरच्या आत-बाहेर राहतो. उधाणात पाण्याला ओढ जास्त असते आणि ओहोटीला खडक उघडे पडतात, म्हणून नवख्यांनी भांगाचे दिवस धरावेत.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब घरच्या दिनदर्शिकेवर करता येतो. तिथीची पाऊणपट करायची, येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहा आणि संध्याकाळी सहा. नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात. पौर्णिमेला सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, भांगात कधी जास्तही, म्हणून हिशेबावर फक्त तारीख निवडायची आणि नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्यायची. तक्त्यात मुंबई, अपोलो बंदर हे ठिकाण धरा.

आपल्याला हवी अष्टमी ते दशमी. कारण असं: भरती संपली की पाणी मुंबईच्या खाडीतून बाहेर, साधारण नैऋत्येला वाहू लागतं, आणि आपण जिथून निघणार त्या मांडवा बंदराहून खांदेरी नैऋत्येलाच आहे. सकाळी पावणेसातला भरती संपली तर एकच्या सुमारापर्यंत ओहोटी तुम्हाला बाहेर नेते. मग पाणी उलटतं आणि तीच भरती तुम्हाला घराकडे आणते. पौर्णिमेला निघालात तर सगळं उलटं, सकाळभर पाणी तोंडावर.

महिना डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. नोव्हेंबर आणि मार्चही चालतात. एप्रिल-मे मध्ये दुपारचा वारा दांडगा होतो आणि लाटा आखूड, आदळणाऱ्या असतात. पावसाळ्यात तर गेटवे-मांडवा फेरी बोटीच बंद असतात, शिडाचं नाव काढू नका. मकरसंक्रांतीचा आठवडाही वगळा. उत्तरायणाला बडोदं सोडायला घरातलं कोणी तयार होणार नाही आणि तुमच्यावरच पतंग कापल्याचा आळ येईल.

वारा दिवसातून दोनदा बदलतो

हिवाळ्यात या किनाऱ्यावर सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, ईशान्य-पूर्वेकडून. दहा-अकराला तो पडतो. तास-दीड तास पाणी तेलासारखं दिसतं, शीड लोंबतं. मग बाराच्या आसपास समुद्राकडून खारा वारा उठतो, वायव्येचा, आणि दुपारी जोर धरतो.

आखणी यावरूनच होते. मतलईवर खांदेरी गाठायची, कारण तो तेव्हा पाठीशी असतो. वारा पडतो त्या वेळात बेटावर पायी फिरायचं. खारा वारा उठला की पुढचा टप्पा. ज्यांना सकाळी निवांत नाश्ता करून दहाला निघायचं असतं ते बरोबर वारा मेलेल्या वेळी समुद्रात असतात.

वाऱ्याचा वेग अंदाजात नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत दिलेला असतो. पाचच्या खाली शीड चालत नाही. आठ ते पंधरा उत्तम. अठराच्या वर अंदाज असेल आणि सोबत नवखे असतील तर बेत पुढं ढकला. थंडीत कधी कधी दोन-तीन दिवस उत्तरेचा खणखणीत वारा सुटतो. त्या दिवशी जाणं फार सुखाचं आणि परतणं फार कष्टाचं, म्हणजे न गेलेलं बरं. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आदल्या संध्याकाळी आणि सकाळी, दोन्ही वेळा बघा.

बोट मांडव्याहून घ्या

शिडाच्या बोटी कप्तानासह गेटवेपाशीही मिळतात आणि मांडव्यालाही. या फेरीसाठी मांडवाच. गेटवेपासून खांदेरी तेरा सागरी मैलांहून अधिक आहे आणि वाटेत मोठ्या जहाजांचा मार्ग ओलांडावा लागतो. मांडव्याहून तेच अंतर साधारण सात सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. पंचवीस-तीस फुटी बोट चांगल्या वाऱ्यात तासाला पाच सागरी मैल जाते, म्हणजे हा फरक जाऊन-येऊन अडीच तासांचा आहे.

बोट ठरवताना भावाची घासाघीस शेवटी करा. आधी हे विचारा: बोटीला चालू इंजिन आहे का आणि डिझेल भावात धरलंय का? भाडं तासावर की दिवसावर, आणि बेटापाशी थांबलेला वेळ मोजणार का? बोटीला पाण्याची किती खोली लागते? शिडाच्या बोटीला खाली जड कील असते, तिच्यामुळे बोट वाऱ्यानं कलली तरी उलटत नाही, पण त्याच कीलमुळे ती उथळ पाण्यात जाऊ शकत नाही. म्हणून पुढचा प्रश्न: खांदेरीच्या धक्क्याला बोट लावणार की नांगर टाकून छोट्या होडीनं उतरवणार? बेटावर उतरायच्या परवानगीचं कोण बघणार? हे नियम बदलत राहतात, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात कप्तानाकडून पक्कं करून घ्या.

आणि एक प्रश्न जो लोक संकोचानं विचारत नाहीत: बोटीवर संडास आहे का? लहान बोटींवर बहुतेकदा नसतो. बायका आणि वयस्क मंडळी सोबत असतील तर या एका प्रश्नावर बोट निवडायला हरकत नाही.

प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट, बिनतारी संच आणि प्रथमोपचार पेटी हे बोटीवर असल्याचं डोळ्यांनी बघा. मुलांसाठी मुलांच्याच मापाचं जॅकेट हवं. मोठ्यांचं जॅकेट पाण्यात मुलाच्या डोक्यावरून निघून जातं. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

बडोदा ते मांडवा

सकाळी सातला बोट सुटायची असेल तर मुक्काम आदल्या रात्री मांडवा, थळ किंवा अलिबागलाच हवा. रात्रीच्या गाडीनं पहाटे मुंबई आणि तिथून थेट समुद्रात, हा बेत कागदावर छान दिसतो. जागरण झालेल्या माणसाला बोट सगळ्यात आधी लागते.

सकाळच्या गाडीनं निघा. बडोदा-मुंबई पाच तासांच्या आसपास, तिथून टॅक्सीनं गेटवे, फेरी बोटीनं तासाभरात मांडवा. फेरीच्या तिकिटातच बहुतेक कंपन्यांची अलिबागपर्यंतची बस असते. स्वतःच्या गाडीनं येणार असाल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट गाडीसकट मांडव्याला सोडते. पाण्याचा कंटाळा असेल तर अटल सेतूवरून पेण-वडखळमार्गे रस्ता आहे, पण ज्याला फेरी बोटीचा कंटाळा त्यानं हा लेख इथंच सोडलेला बरा.

घरची तयारी

पोहता येत नसेल तरी जाता येतं, जॅकेट घालून. पण महिनाभर आधी लालबागच्या तरणतलावात जाऊन जॅकेट घालून पाण्यात पडून तरंगायची सवय केलीत तर भीती अर्धी होते.

कपडे पूर्ण बाह्यांचे, सुती किंवा लवकर वाळणारे. साडी-ओढणी नको, दोरांत अडकते. टोपीला हनुवटीखाली बंद हवा. बूट न घसरणाऱ्या तळव्याचे, कारण खांदेरीच्या खडकांवर शेवाळ असतं. पहाटे वारा चांगलाच गार लागतो, म्हणून एक विंडचीटर. फोन आणि ओळखपत्रं पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. ड्रोन घरीच ठेवा, हा नौदलाच्या टापूतला समुद्र आहे.

खाण्याचं जरा स्पष्टच सांगतो. सेव उसळ आदल्या दिवशीही नको. लिलो चिवडा न्या, पण दुपारसाठी. सकाळी निघताना खाखरा, सुकं थेपलं, केळं, एवढंच. रिकाम्या पोटीही बोट लागते, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी बोटीत बसायच्या तासभर आधी घ्यावी. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी बाहेरच येते. बरं वाटेनासं झालं तर केबिनमध्ये जाऊन झोपू नका. वरच बसा आणि जिथं आकाश पाण्याला टेकतं तिथं नजर ठेवा. पाणी माणशी दोन लिटर, शिवाय काही जादा.

उजाडताच: मांडवा ते खांदेरी

पावणेसातला धक्क्यावर या. शिडाच्या बोटी बहुतेकदा धक्क्याला लागलेल्या नसतात. थोड्या आत बोयाला बांधलेल्या असतात आणि छोट्या होडीनं तिथवर जावं लागतं. चढताना बोटीचा कठडा धरा, शेजारच्या माणसाला नको.

बसल्यावर कप्तान सूचना देतो, त्या ऐका. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी. वारा पाठीशी असताना ती एका बाजूची दुसऱ्या बाजूला झटक्यात येऊ शकते, आणि सकाळी वारा पाठीशीच असणार. म्हणून त्या टप्प्यात उभं राहायचं नाही. फोटोही बसूनच.

शीड हाताळायला मागा. चांगला कप्तान देतो. शिडाचा दोर हातात आला की बडोद्याचा माणूस चटकन शिकतो, कारण पतंगाला ढील कधी द्यायची आणि कधी खेचायची हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं. शीड फडफडायला लागलं की दोर आत ओढायचा, फडफड थांबली की तिथंच थांबायचं. त्याहून जास्त ओढलात तर बोट नुसती कलते, वेग वाढत नाही. दोर हाताला गुंडाळून घ्यायचा नाही, जोराचा झोत आला तर बोटं सापडतात.

थळच्या जवळ येऊ लागलात की पाण्यावर लक्ष ठेवा. इथं कोळ्यांची डोल जाळी लावलेली असतात. वर दिसतात ते फक्त बोये, कधी रंगीत, कधी नुसता थर्माकोलचा तुकडा किंवा रिकामा डबा, आणि त्यावर एखादं काळं फडकं. सकाळच्या तिरप्या उजेडात ते ऐनवेळी दिसतात. एकाला पुढं बसवा आणि बोया दिसला की हातानं दिशा दाखवायला सांगा. जाळं इंजिनाच्या पंख्यात गेलं तर तुमचा दिवस जातो आणि कोळ्याचं जाळं जातं.

किनाऱ्याजवळचं बुटकं, तटबंदीनं भरलेलं बेट ते उंदेरी. इथं उतरायचा हट्ट धरू नका. धड धक्का नाही, भोवती खडक आहेत. वेग कमी करून बाहेरच्या बाजूनं बघा. शिवाजी महाराजांनी १६७९ साली खांदेरी बांधायला घेतली, तिला शह म्हणून जंजिऱ्याच्या सिद्दीनं जानेवारी १६८० मध्ये हे बेट धरलं. एकमेकांवर तोफा डागता येतील एवढ्या जवळ दोन शत्रू का बसले, हे दोन्हींच्या मध्ये बोट आणल्यावरच कळतं.

खांदेरी: दोन तास, पूर्ण

पावणेनऊ-नऊपर्यंत पोचता. तीन जागांपैकी उतरायची ही एकच, म्हणून इथं वेळेची काटकसर नको. बेटावर दोन टेकड्या आहेत, दक्षिणेची उंच, तिच्यावर १८६७ सालचं दीपगृह. आधी दीपगृहाकडे चढा, ऊन वाढायच्या आत. वरून उंदेरी, थळचा किनारा आणि दक्षिणेला कुलाब्याची रेघ, तुमचा अख्खा दिवस एका नजरेत दिसतो. मग खाली येऊन तटबंदीवरून फेरी मारा. चाकाच्या गाड्यावरच्या लोखंडी तोफा बघा. दगडानं ठोकल्यावर धातूसारखा आवाज देणारा एक मोठा खडक आहे, तो सोबतच्या खलाशाला दाखवायला सांगा. वेताळाचं ठाणं कोळी समाजाचं श्रद्धास्थान आहे. पायातलं काढून जा.

या जागेचा इतिहास वाऱ्याचाच आहे. १६७९ मध्ये मायनाक भंडाऱ्याच्या देखरेखीखाली बांधकाम चालू असताना मुंबईच्या इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. त्यांची जहाजं जड, शिडावर अवलंबून. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ तळाच्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या. वारा पडला की इंग्रजी जहाजं जागच्या जागी आणि मराठ्यांचे नावाडी सामान घेऊन रात्रीत बेटावर. ऑक्टोबरात मोठी झुंज झाली, दौलतखानाच्या आरमारानं इंग्रजांचं ‘डव्ह’ हे गलबत पकडलं. शेवटी इंग्रजांनी नाकेबंदी सोडली. सकाळी दहा-साडेदहाला तटावर बसून समोरचा निवांत समुद्र बघा, तुमच्या बोटीचं शीडही तेव्हा लोंबत असेल. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत खांदेरी आहे.

बेटावर खायला-प्यायला काही मिळेल असं धरून जाऊ नका. कचरा सगळा परत बोटीत. पावणेअकराला धक्क्यावर हजर.

कुलाबा: करायचा की सोडायचा?

खांदेरीहून कुलाबा पाच सागरी मैल, आग्नेयेला. सुरुवातीला थोडं इंजिन, मग बाराच्या आसपास खारा वारा पाठीशी आला की शीड. जाणं झकास. परतीचा विचार मात्र आत्ताच करा, कारण कुलाब्याहून परत उंदेरीच्या बाहेर यायचं तर तोंड जवळजवळ वाऱ्यातच करावं लागतं. वाऱ्याच्या थेट दिशेला शीड बोटीला नेऊ शकत नाही, साधारण पंचेचाळीस अंश बाजूला धरून नागमोडी जावं लागतं. पाच मैलांचे सात-आठ होतात.

म्हणून माझं मत: मुलं किंवा वयस्क सोबत असतील, किंवा एखाद्याला बोट लागली असेल, तर खांदेरीवरून परत फिरा. दहा मैल वाचतात. कुलाबा दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटीला जमिनीवरून करता येतो. भांगात वाट पूर्ण कोरडी पडेलच असं नाही, तेव्हा घोडागाडी करा. आतला गोड्या पाण्याचा तलाव आणि राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ बोटीतून दिसत नाहीत, ते बघायला तसंही चालतच जायला हवं.

तरुण मंडळी असतील तर जरूर जा. किल्ल्याभोवती खडक आहेत, त्यामुळे अर्धा मैल लांबूनच तट आणि शेजारचा सर्जेकोट बघायचा. तिथंच जेवण उरका. एकला बोट वळवा, पाणी त्याच सुमारास उलटतं.

परतीची वाट

कुलाबा ते उंदेरी सरळ इंजिन चालू करा. यात कमीपणा काही नाही. इथं शिडाचा हट्ट धरणारे दोन तास भिजतात आणि मांडव्याला अंधारात पोचतात. उंदेरी ओलांडली की मात्र इंजिन बंद करा, कारण इथून मांडवा उत्तर-ईशान्येला आहे आणि वायव्येचा वारा डाव्या बाजूनं येतो. शिडाच्या बोटीला हा वारा सगळ्यात मानवतो. बोट कलते, वेग धरते, खालून भरती ढकलते. वाऱ्याकडच्या उंच बाजूला बसा, पाय आत घ्या, आणि दोर पुन्हा मागून घ्या. वारा उत्तरेकडे सरकला तर एक-दोन वळसे जास्त पडतील, एवढंच.

साडेतीन-चारपर्यंत मांडवा. त्याच दिवशी मुंबई गाठायची असेल तर शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच विचारून ठेवा आणि तिच्या आधीची धरा. रात्रीच्या गाडीचं आरक्षण दहाच्या पुढचं करा.

बेत फसला तर

सकाळी सातला वाराच नसेल तर अर्धा तास थांबा, मग इंजिनावर निघा. ओहोटी वाया घालवू नका. खांदेरीवर लाटांमुळे उतरता येत नाही असं कप्तान म्हणाला तर वाद घालू नका, तो शब्द शेवटचा. कप्तानानं आदल्या रात्रीच बेत रद्द केला आणि समुद्र नंतर बरा निघाला, तर थळच्या बंदरात जा. तिथल्या कोळी बांधवांच्या इंजिनाच्या होड्या खांदेरीला नेतात. तांडेलाशी, म्हणजे होडीच्या प्रमुखाशी, जाण्या-येण्याचा आणि थांबण्याचा दर आधीच बोलून घ्या, आणि जॅकेटं आहेत का ते तिथंही विचारा. बोट ठरवताना हवामानामुळे रद्द झाल्यास आगाऊ रक्कम परत मिळणार की पुढच्या तारखेला वळती होणार हे लेखी घेतलेलं असलं, की पुढची अष्टमी बघायला तुम्ही मोकळे.